पान पाच, खालचा कोपरा

शटर वर करायच्या आधीच
पेपर फटीतून आत सरकलेला असतो.
पहिलं पान मी बघत नाही.
पान पाच, खालचा कोपरा,
भांड्यांच्या सेलच्या जाहिरातीला चिकटून:
‘सेलूचा संघ पुन्हा ढेपाळला.’

पुन्हा.
सुईच्या बोटानं दाबून बघितलं,
उसवत नाही हा शब्द.

पाच सेट झाले, ओ.
पाचवा सतरा-पंधरा.
वसमतच्या मैदानावर, त्यांच्याच पंचासमोर,
हॅलोजनभोवती किडे इतके
की सर्व्हिसला मान वर केली की तोंडात जायचे.
मुंजाजीचा अंगठा दुसऱ्या सेटलाच टम्म सुजला,
माझ्या खिशात अस्तराची पट्टी होती, तिनं बांधला.
इर्शादनं बाहेर चाललेला बॉल
पार पाण्याच्या टँकरपासून पळत जाऊन उचलला
आणि त्या एका पॉइंटापुरतं
वसमतसुद्धा टाळ्या वाजवायलं होतं.

ह्यातलं पान पाचवर काय?
‘नियोजनाचा अभाव.’
‘खेळाडूंमध्ये जिद्दीची वानवा.’
आणि इर्शादचं नाव इरफान.

वानवा म्हणे!
लिहिणारे धोंडगे सर त्या रात्री
सेलूतच होते, मेहुण्याच्या वास्तुशांतीला.
मला ठाऊक आहे कारण
त्यांच्या अंगावरचा सफारी मी शिवलाय,
पोटावर दीड इंच जास्तीचा सोडून.

दहा वाजेस्तोवर दुकानात चौघं-पाचजण.
एकजण म्हणाला, पेपर बंद करू.
एकजण म्हणाला, तहसीलला निवेदन देऊ.
तहसीलदार काय पाचवा सेट परत खेळवणार आहेत?
मशीनचा पट्टा तेवढ्यात तुटला
आणि सगळे त्याच्यावरच चिडले.

आता खरं सांगतो, बाहेर बोलू नका.
वसमतहून येताना टेम्पोत
मी मुंजाजीला जे जे बोललो
ते छापलं असतं तर पेपर जप्त झाला असता.
समोर अख्खं मैदान रिकामं,
आणि ह्यानं शेवटचा बॉल नेटात हाणला.
गाढव म्हणालो त्याला, त्याच्या बापाच्या देखत.
बाप म्हणाला, अजून म्हणा.
मग झिरो फाट्यावर भजी खाल्ली,
आणि मुंजाजीचा अंगठा तेलानं जळायला लागला
म्हणून मीच त्याला भरवली.
असं बोलायला
आधी टेम्पोत बसावं लागतं.
डिझेलची वर्गणी द्यावी लागते.

दुपारी धोंडगे सर आले, पँटीचं माप द्यायला.
टेप जरा आवळूनच धरला मी.
म्हणालो, सर, कामून लिहिलंत असं?
श्वास आत ओढून ते म्हणाले,
मागं तुम्ही पाथरीला जिंकलात ना,
अर्धा कॉलम लिहिला होता मी. फोटोसकट.
वर कापला. सेल लागला होता.
हारलं की चार ओळीत बसतं,
तेवढी जागा उरते.

मी टेप ढिला सोडला.
राग नाही सोडला.
त्या चार ओळी तरी नीट लिहा की.
इर्शादची आई वाचते,
बोट ठेवून, एकेक अक्षर.
तिला कोण इरफान, ते कळंना झालंय.

रात्री नव्या जर्सीचा फर्मा कापायला
रद्दी ओढली तर तेच पान.
कापला. खांद्याचा गोल नीट आला.

रविवारी जिंतूर आहे.
टेम्पो चारला निघतो, बरोब्बर चारला.
सरांना सांगून ठेवलंय.
बघू, म्हणाले.
स्टेपनीवर एका माणसापुरती जागा होते,
तिथं कुणाला बसू देत नाही मी.
तीन रविवार झाले.